तैवानमधले रोजचे जगणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी 2016 साली तैपेईला आले ती दोन वर्षांसाठी, आणि अजून येथेच आहे. या काळात शिकायला येणारे विद्यार्थी, शिन्चूच्या विज्ञान उद्यानात नोकरी लागलेले अभियंते, त्यांच्याबरोबर येणारे जोडीदार आणि मागे काळजी करत राहिलेले आईवडील यांनी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती एका परक्या बाईच्या नजरेतून आलेली आहेत आणि त्यांतली बरीचशी तैपेईपुरतीच खरी आहेत. दक्षिणेला काओशुंगमध्ये राहणारा माणूस त्यांतली निम्मी खोडून काढील, आणि त्याचेही चुकणार नाही.

तेथे गेल्यावर सर्वांत आधी काय शिकावे लागते?

कचरा टाकायला. हे ऐकून लोक हसतात, परंतु भाषा आली नाही तरी येथे निभावते, कचरा टाकता आला नाही तर निभावत नाही.

तैपेईच्या गल्ल्यांत कचराकुंड्या जवळजवळ नसतातच. 'कचरा जमिनीला टेकता कामा नये' असे धोरण असल्यामुळे ठरलेल्या वेळी पिवळी गाडी येते आणि नागरिकांनी आपापली पिशवी स्वतःच्या हाताने तिच्यात टाकायची असते. ही गाडी कर्ण्यावरून बेटहोव्हेनची 'फ्यूर एलिझे' किंवा बादार्झेव्स्काची 'कुमारिकेची प्रार्थना' या पियानोच्या रचनांपैकी एकीची धून वाजवत येते. सन 2000 पासून तैपेईत पुनर्वापर न होणारा कचरा महापालिकेच्या अधिकृत निळ्या पिशवीतच टाकावा लागतो आणि कचरा उचलण्याचा आकार त्या पिशवीच्या किमतीतच धरलेला असतो. ज्याचा कचरा जास्त त्याचा खर्च जास्त, इतका हा सरळ हिशेब आहे. पुनर्वापराच्या वस्तू फुकट घेतल्या जातात, मात्र सोमवारी आणि शुक्रवारी कागद, कपडे यांसारख्या सपाट वस्तू, तर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी बाटल्या, डबे असा क्रम पाळावा लागतो. बुधवारी आणि रविवारी गाडी येत नाही. ओल्या कचऱ्याचेही कच्चा आणि शिजवलेला असे दोन भाग असतात, कारण मुळात एकाचे खत होत असे आणि दुसरा डुकरांच्या खाद्यासाठी जात असे.

आमच्या गल्लीत गाडी रात्री साडेआठच्या सुमारास येते. त्याआधी दहा मिनिटे सगळी गल्ली खाली उतरलेली असते. बनियनवर आलेले आजोबा, ऑफिसच्याच कपड्यांतली मुलगी, हातात दुधाची बाटली आणि काखेत मूल घेतलेला बाप, सगळे कोपऱ्यावर उभे राहून गाडीची वाट पाहत असतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची खबरबातही तेथेच कळते. पहिल्या आठवड्यात मी चहाचा चोथा, केळीची सालं आणि दह्याचा डबा एकाच पिशवीत घालून नेले. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी माझ्या हातातून पिशवी घेतली, नुसत्या हाताने डबा बाहेर काढला, खिशातल्या कागदाने पुसला, योग्य पिंपात टाकला आणि वर माझीच माफी मागितली. त्या माफीचा अर्थ कळायला मला पुढे दोन वर्षे लागली.

ज्यांच्या मोठ्या संकुलात तळघरात कचऱ्याची खोली आहे त्यांना हा सगळा व्याप करावा लागत नाही. घर पाहताना ती आहे का, हे स्वयंपाकघराच्या आधी विचारावे.

लोक इतके नम्र असतात, हे खरे का?

खरे आहे, परंतु त्या नम्रतेचा आपण लावतो तो अर्थ नाही. येथे दिवसातून शंभर वेळा कानावर पडणारे शब्द म्हणजे 'बू हाओ ई स'. गर्दीतून वाट काढताना, धक्का लागल्यावर, हॉटेलात वाढप्याला हाक मारताना, कोणी दार धरून ठेवले असता आणि भेटवस्तू घेतानाही हेच म्हटले जाते. माफी, आभार आणि 'जरा ऐकता का' ही तिन्ही कामे हा एकच शब्दप्रयोग करतो. आपल्या 'अहो, कशाला एवढा त्रास घेतलात' याच्या तो बराच जवळ जातो. आपल्यामुळे दुसऱ्याला 'माफान', म्हणजे उपद्व्याप, होऊ नये ही त्याच्या मुळाशी असलेली धडपड आहे, आणि येथील रांगा, येथील शांतता, कॉफीच्या दुकानात जागा अडवण्यासाठी टेबलावर ठेवून दिलेला आणि कोणीही न उचललेला फोन, हे सगळे थोड्याफार फरकाने त्याच धडपडीतून येते.

याची दुसरी बाजू अशी की कोणी तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'जरा अवघड आहे', 'पुढच्या वेळी बघू', 'मी विचारून सांगतो' ही तिन्ही वाक्ये नकाराची आहेत असे समजून चालावे. तक्रारही अशीच आडवळणाने येते. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एकदा सूचना लागली, की सर्व रहिवाशांनी सकाळी सातच्या आधी यंत्रांचा मोठा आवाज होणार नाही याची कृपया काळजी घ्यावी. मी ती रोज वाचत होते आणि कोणाच्या घरी काम चालू आहे याचा विचार करत होते. अकराव्या की बाराव्या दिवशी, सकाळी साडेसहाला तिसरी शिट्टी झाली तेव्हा, ते यंत्र म्हणजे माझा प्रेशर कुकर हे माझ्या लक्षात आले. बारा मजल्यांच्या इमारतीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते.

तेव्हापासून मी ताथुंगचा विजेचा कुकर वापरते. तो 1960 पासून येथे घरोघरी आहे आणि परदेशी शिकायला जाणारी मुले तो सामानातून नेतात. बाहेरच्या भांड्यात वाटीभर पाणी ओतायचे, आत डाळ-तांदळाची भांडी ठेवायची आणि खटका खाली दाबायचा. पाणी आटले की खटका 'टक्' करून वर येतो. वरणभात उत्तम होतो, फक्त तुरीच्या डाळीला दोनदा पाणी घालावे लागते.

नम्रतेला एक अपवाद सांगायला हवा. ओळख झालेली मावशी 'जाड झालीस गं' हे भर चौकात सांगते, आणि पगार, वय, मूल का नाही हेही विचारते. त्या वेळी सांगलीत असल्यासारखे वाटते. हॉटेलात बिल कोणी द्यायचे यावरून होणारी ओढाताणही तशीच घरची आहे.

भेटल्यावर काय म्हणायचे?

'नी हाओ' चालते. परंतु जुनी माणसे, विशेषतः तैवानी बोलणारी, 'चिया पा ब्वे?' असे विचारतात, म्हणजे 'जेवलात का?' 'हो, जेवले' एवढेच उत्तर अपेक्षित असते. दुकानदाराला 'लाओबान' (मालक), मध्यमवयीन बाईला 'आयी' (मावशी) आणि शिकवणाऱ्या कोणालाही 'लाओशी' म्हणावे. नुसत्या नावाने हाक मारण्याची घाई करू नये.

नक्की कोणती भाषा शिकावी?

मँडरिन. कोकण विभागापेक्षा थोडेच मोठे असलेल्या या बेटावर सुमारे 2 कोटी 30 लाख लोक राहतात, आणि त्यांच्या घरांत मँडरिनखेरीज तैवानी (होक्कियन), हाक्का आणि शासनमान्य 16 आदिवासी जमातींच्या भाषा बोलल्या जातात. तैपेईच्या मेट्रोत स्थानकाचे नाव मँडरिन, तैवानी, हाक्का आणि इंग्रजी अशा चार भाषांत पुकारले जाते. 1949 ते 1987 या मार्शल लॉच्या काळात शाळेत मँडरिनखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. त्यामुळे साठी उलटलेल्या माणसाशी तैवानीत दोन शब्द बोललात, तर त्याचा चेहरा कसा खुलतो ते पाहण्यासारखे असते.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

होत नाहीत, आणि याचे आपल्याकडच्या लोकांना नेहमी आश्चर्य वाटते. बौद्ध आणि यी-क्वान-ताओ परंपरांमुळे शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या पाटीवर बहुधा स्वस्तिक असते, आपल्याहून उलट्या दिशेला वळलेले. बऱ्याच खानावळींत पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या असतात. आपल्याला हवे ते ताटलीत घ्यायचे आणि वजनावर पैसे द्यायचे. 'मी शाकाहारी आहे' यासाठी 'वो छ सू' म्हणावे.

गोंधळ पुढे सुरू होतो, तो कांद्या-लसणाचा. येथील शुद्ध शाकाहारात कांदा, लसूण, पात यांसह पाच उग्र वनस्पती वर्ज्य असतात, म्हणजे आपला चातुर्मास बारा महिने चालतो. वेष्टनावर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात: शुद्ध, अंडे चालणारा, दूध चालणारा, दोन्ही चालणारा आणि कांदा-लसूण चालणारा. आपल्याकडच्या अंडे न खाणाऱ्या माणसाने 'दूध चालणारा' हा शोधावा. साध्या हॉटेलात मात्र 'भाजीच आहे' म्हणून पुढे आलेल्या ताटलीत डुकराच्या चरबीचा हात असण्याची शक्यता धरावी, कारण तेथे चरबी ही मांसात मोजली जात नाही.

रात्रबाजारात नाकाला झोंबणारा वास येतो तो आंबवलेल्या टोफूचा. तो एकदा खावा. मला आवडला नाही, पण माझ्या मुलाला आवडतो.

मेट्रोत पाणी प्यायलाही दंड होतो, हे खरे का?

होय. खाणे, पिणे, च्युइंगगम, सगळ्याला बंदी असून दंड 1,500 ते 7,500 तैवानी डॉलर आहे. गडद निळ्या राखीव आसनावर तरुण माणसाने बसू नये. गाडी रिकामी असली तरी लोक उभे राहतात.

लोक दुकानातल्या पावत्या का जपून ठेवतात?

कारण प्रत्येक पावती हे सोडतीचे तिकीट असते. दुकानदारांनी विक्री लपवून कर चुकवू नये म्हणून 1951 साली सरकारने ही युक्ती काढली. पावतीवर आठ आकडी क्रमांक असतो आणि दर विषम महिन्याच्या 25 तारखेला आधीच्या दोन महिन्यांची सोडत निघते. सर्वांत मोठे बक्षीस 1 कोटी तैवानी डॉलरचे असते, आणि पहिल्या बक्षिसाच्या क्रमांकाशी शेवटचे तीन आकडे जुळले तरी 200 डॉलर मिळतात. परदेशी माणसालाही बक्षीस मिळते. पावती मागणे हा ग्राहकाचा स्वार्थ करून टाकल्यामुळे फुकटचे कर निरीक्षक गल्लोगल्ली तयार झाले. इतका चतुर कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. मला नऊ वर्षांत एकूण 1,400 डॉलर लागले आहेत.

पावत्यांचा मोठा साठा होतो तो चोवीस तास उघड्या असणाऱ्या सेव्हन-इलेव्हन आणि फॅमिलीमार्ट यांच्या शाखांतून. अशा दुकानांची संख्या बेटावर दहा हजारांहून अधिक आहे. वीजबिल भरणे, पार्सल घेणे, छपाई, रेल्वेचे तिकीट आणि चहाच्या पाण्यात शिजवलेली अंडी, हे सर्व तेथे एकाच गल्ल्यावर मिळते.

कागदपत्रांवरची तारीख कळत नाही. काय करावे?

आकड्यात 1911 मिळवावेत. सरकारी कालगणना 1912 हे पहिले वर्ष धरते, त्यामुळे 2025 हे 114 वे वर्ष ठरते. शकात 78 मिळवून इसवी सन काढणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये, तरी पहिल्यांदा अर्ज भरताना माझ्या जन्मवर्षाच्या चौकोनात 75 लिहिलेले पाहून मी कारकुनाशी वाद घातला होता. मी 1986 सालची आहे.

परधर्मीयाला देवळात जाता येते का? तेथे काय करावे?

जाता येते, कोणीही अडवत नाही आणि चपलाही काढाव्या लागत नाहीत. तैपेईच्या वान्हुआ भागातल्या 1738 साली स्थापन झालेल्या लुंगशान मंदिरापासून सुरुवात करावी. आपल्या उजव्या हाताच्या, म्हणजे ड्रॅगनच्या दाराने आत जावे, डाव्या हाताच्या, म्हणजे वाघाच्या दाराने बाहेर यावे, उंबऱ्यावर पाय देऊ नये. ड्रॅगनची बाजू देवाच्या डाव्या हाताला असते, म्हणून ती आपल्या उजवीकडे येते.

आत गेल्यावर फरशीवर लाकूड आपटल्याचा खट्-खट् आवाज सतत ऐकू येतो, तो कौल लावण्याचा आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही, कारण कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावतात तेच येथे चालते, फक्त पाकळ्या किंवा तांदूळ यांच्या जागी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे असतात. त्यांची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. गुडघे टेकून आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता मनात सांगायचा, प्रश्न विचारायचा आणि तुकडे खाली टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार, दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसला असे मानतात, म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही. मोठ्या गोष्टीसाठी लागोपाठ तीन होकार लागतात. पत्ता का सांगायचा, असे मी एका आजोबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की देवाकडे एवढे लोक येतात, उत्तर चुकीच्या घरी जायला नको.

तेथेही वारी असते, असे ऐकले. ते काय आहे?

मात्सू ही समुद्राची देवी. सन 960 मध्ये चीनच्या फूज्येन किनाऱ्यावरच्या मेइचोउ बेटावर जन्मलेली लिन नावाची मुलगी पुढे देवी झाली अशी श्रद्धा आहे, आणि समुद्र ओलांडून तैवानात आलेले लोक तिला बरोबर घेऊन आले. चांद्र तिसऱ्या महिन्यात तिचा जन्मदिवस असतो. त्या सुमारास ताइचुंगजवळच्या दाजिया गावातून तिची पालखी निघते, नऊ दिवस आणि आठ रात्री चालत तीनशेहून अधिक किलोमीटर फिरून परत येते. निघण्याचा मुहूर्तही कौल लावूनच ठरतो.

परंतु मला ओढ आहे ती म्याओलीतल्या बायशातुनच्या पालखीची, कारण तिचा मार्ग ठरलेला नसतो. बेइगांगला जायचे एवढेच निश्चित असते, वाट देवी ठरवते. चौकात आली की पालखी पुढेमागे झुलते, खांदेकरी थांबतात, आणि मग ती एकदम भाताच्या शेताच्या बांधाकडे किंवा एखाद्या इस्पितळाच्या आवारात वळते. हजारो माणसे तिच्यामागे वळतात. वाटेवरच्या गावांत लोक घरासमोर टेबले मांडून भात, शेवया, काकडी, बर्फातल्या बाटल्या फुकट वाटतात, आणि नको म्हटले तर खरोखर दुखावतात. अंगण उघडून दिलेले असते, कोणीही झोपावे. हातात पताका असते, तिला वाटेतल्या प्रत्येक देवळाची पिवळी चिठ्ठी बांधत जायचे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत दोनदा चालून गेलेली मी त्या गर्दीत पहिल्या तासातच परकी राहिले नव्हते, फक्त टाळ-मृदंगाऐवजी फटाके होते आणि ते कानाशी वाजत होते.

पालखी जवळ आली की भाविक रस्त्यावर ओळीने पालथे पडतात आणि ती त्यांच्यावरून नेली जाते. मीही पडले. डांबर गरम होते, फटाक्यांच्या लाल कागदाचा चुरा गालाला चिकटत होता आणि पुढच्या बाईच्या बुटाचा तळवा माझ्या नाकापासून चार बोटांवर होता. मी मान वर करून पाहायला गेले, तर मागून कोणीतरी माझे डोके खाली दाबले. मग अंगावरून सावली गेली, चारपाच सेकंदांची. उठल्यावर त्या डोके दाबणाऱ्या बाईने माझ्या पाठीवरची धूळ झटकली आणि विचारले, 'चिया पा ब्वे?'

भूतमहिना म्हणजे काय? त्या काळात जावे का?

जरूर जावे. चांद्र सातव्या महिन्यात पाताळाचे दार उघडते आणि भुके आत्मे बाहेर पडतात, असे मानतात. त्यांना भूत म्हणत नाहीत, 'चांगले भाऊ' म्हणतात. पौर्णिमेच्या सुमारास दुकाने, बँका आणि संगणक कंपन्याही दारात टेबल मांडून फळे, शेवयांची पाकिटे, थंड पेयांचे डबे ठेवतात, आणि शेजारी पाण्याचे घमेले व टॉवेल असतो, कारण लांबून आलेल्याला तोंड धुवावेसे वाटणार. हा आपला पितृपक्ष नव्हे. स्वतःच्या पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई एप्रिलच्या 4 किंवा 5 तारखेला छिंगमिंगच्या दिवशी होते. हा महिना ज्यांना कोणी नाही त्यांचा. या काळात लग्न, घरबदल आणि नवी गाडी टाळतात, रात्री कपडे बाहेर वाळत घालत नाहीत.

येथील महिनाही आपल्यासारखा अमावास्येनंतर सुरू होतो आणि अधिक महिना येथेही असतो, म्हणून हा महिना बहुधा आपल्या श्रावणाबरोबर येतो. 2025 साली मात्र येथे सहावा महिना अधिक आला, त्यामुळे भूतमहिना भाद्रपदात, नेमका गणपतीत पडला. शेजारच्या आयींना मोदक आवडले, पण विसर्जनाचे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. या महिन्यात पाणी माणसाला ओढते, नदीवर अजिबात जाऊ नका, असे त्यांनी तीनदा बजावले. आम्ही बादलीतच विसर्जन केले, जे तसेही करणार होतो.

यंत्रांवर खाऊचे हिरवे पुडे का ठेवलेले असतात?

त्या मक्याच्या कुरकुऱ्यांचे नाव 'ग्वाइग्वाइ', म्हणजे 'शहाण्यासारखे वाग'. सर्व्हर, एटीएम, इस्पितळातली उपकरणे यांनी बिघडू नये म्हणून पुडा वर ठेवतात. तो हिरवाच हवा, पिवळा किंवा लाल चालत नाही, आणि मुदत संपलेला तर मुळीच नको. दसऱ्याला संगणकाला झेंडूचा हार घालणाऱ्यांनी यावर हसू नये. माझ्या ऑफिसातला पुडा एका नव्या मुलाने भूक लागली म्हणून खाल्ला होता. पुढचे काही बिघडले नाही, पण तो मुलगा अजूनही त्याच नावाने ओळखला जातो.

तेथे बाळंतपण करावे का?

वैद्यकीय सोयी उत्तम आहेत, आणि नंतरची काळजी आपल्या आजीला पटेल अशी आहे. बाळंतिणीने महिनाभर घरात बसायचे, थंड पाण्याला हात लावायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, जुन्या रीतीप्रमाणे केसही धुवायचे नाहीत. उष्ण आणि थंड पदार्थांची विभागणी जवळपास आपलीच आहे. डिंकाच्या लाडवांच्या जागी तिळाचे तेल, आले आणि तांदळाची दारू घालून शिजवलेली कोंबडी असते. यासाठी खास निवासी केंद्रे आहेत, तेथे आई आणि बाळ महिनाभर राहतात. ती महाग असतात. माझ्या एका मैत्रिणीच्या साताऱ्याहून आलेल्या सासूबाई आणि केंद्रातल्या परिचारिका यांना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता, तरी दारू सोडून सर्व मुद्द्यांवर त्यांचे एकमत झाले.

आजारी पडल्यास खर्च किती येतो?

1995 पासून सर्वांसाठी एकच राष्ट्रीय आरोग्य विमा आहे. नोकरीवर येणाऱ्याला तो लगेच लागू होतो, इतर निवासी परदेशीयांना साधारणपणे सहा महिन्यांनी. गल्लीतल्या दवाखान्यात कार्ड दाखवून काही शे तैवानी डॉलरांत तपासणी आणि औषधे दोन्ही होतात. औषधे प्रत्येक वेळेची वेगळी पुडी करून देतात.

पान मिळते का?

आपले नाही. येथे कोवळी हिरवी सुपारी, चुना आणि विड्याचे पान यांचा विडा असतो, त्यात बडीशेप, गुलकंद काही नाही. तो मुख्यतः ट्रकचालक आणि मजूर खातात, आणि रस्त्याकडेच्या काचेच्या उजळ टपऱ्यांत तोकड्या कपड्यांतल्या मुली तो विकतात. त्यामुळे 'आमच्याकडे लग्नात विडा देतात' हे वाक्य येथे जपून उच्चारावे. मी ते एकदा एका प्राध्यापकांच्या घरी जेवताना उच्चारले होते.

भूकंपाची भीती वाटत नाही का?

वाटते, पण सवयही होते. 21 सप्टेंबर 1999 रोजी मध्यरात्री 1:47 वाजता झालेल्या 7.3 तीव्रतेच्या भूकंपात 2,400 च्या आसपास माणसे गेली, आणि त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले. 3 एप्रिल 2024 रोजी ह्वालिएनजवळ 7.2 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. गॅस बंद केला, दार उघडून धरले आणि कपाटातून डबे पडताना पाहत उभी राहिले. मोठे धक्के सोडले तर लोक जागचे हलत नाहीत. वादळाच्या आदल्या रात्री मात्र सगळे फोनला डोळे लावून बसतात, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे की नाही हे शहर किंवा जिल्हा प्रशासन तेव्हा जाहीर करते. सुट्टी मिळूनही वादळ आले नाही तर चित्रपटगृहे भरतात.

भारतीयांशी लोक कसे वागतात?

आदराने, आणि बऱ्याच अज्ञानाने. भारताचे आणि तैवानचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. 1995 पासून तैपेईत भारताचे काम 'इंडिया-तैपेई असोसिएशन' पाहते, तर तैवानचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र दिल्ली आणि चेन्नईपाठोपाठ 2024 मध्ये मुंबईतही उघडले. येणेजाणे अजून थोडे आहे, म्हणून सामान्य माणसाला भारत कळतो तो करीच्या वासातून आणि बातम्यांतल्या वाईट घटनांतून. घर भाड्याने घेताना दोन मालकांनी मला 'जरा अवघड आहे' असे सांगितले, आणि त्यातल्या एकाने एजंटला मसाल्याच्या वासाचे कारण दिले. तिसऱ्याने घर दिले आणि महिन्याभराने स्वतःच आमटीची कृती विचारली. द्वेषाचा अनुभव मला आलेला नाही, गैरसमजाचा मात्र वारंवार आला आहे.

कोणाच्या घरी जाताना काय न्यावे?

घड्याळ नेऊ नये, कारण 'घड्याळ देणे' आणि 'अखेरचा निरोप देणे' यांचा उच्चार एकच आहे. छत्रीचा उच्चार 'पांगणे' या शब्दाशी जुळतो, तीही नको. चार हा आकडा 'मृत्यू'सारखा ऐकू येतो, म्हणून इस्पितळांत चौथा मजला बहुधा नसतो, आणि चारच्या संख्येत काही देऊ नये. लग्नात लाल पाकिटातून पैसे देतात, आणि येथे मराठी माणसाचा हात हमखास चुकतो. 501 किंवा 1,101 असा वरचा एक रुपया आपल्याकडे शुभ आहे, येथे विषम रक्कम अंत्यसंस्काराला देतात. सम रक्कमच द्यावी, चार मात्र वगळून.

हापूस आणण्याचा मोह होतो, पण ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ विमानतळावरून आत आणण्यास मनाई आहे आणि तपासायला कुत्रे असतात. मिठाईबद्दल एवढे लक्षात ठेवावे, की गोड पदार्थाची येथील सर्वांत मोठी स्तुती म्हणजे 'फार गोड नाही'. गेल्या दिवाळीत मी ऑफिसात कंदी पेढ्यांचा खोका आणि चकल्यांचा डबा शेजारी शेजारी ठेवला होता. चकल्या साडेअकरापर्यंत संपल्या. पेढ्यांना सर्वांनी 'बू हाओ ई स' म्हणून एकेक हात लावला, आणि तीन आठवड्यांनी तो खोका मीच घरी आणला.